दाढेचे पैसे

निळ्या खोक्यातला मिक्सर काउंटरवर आला आणि मिक्सरवाल्याच्या हातातला पेचकस जागच्या जागी थांबला. सोळा वर्षांच्या दुकानदारीत या कंपनीचा एकही मिक्सर त्याच्याकडे दुरुस्तीला आला नव्हता. आणि नेमक्या याच कंपनीत त्याने बायकोच्या दाढेचे पैसे घातले होते.

"काय झालंय याला?" ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर उभे राहिलेले नातेवाईक विचारतात, तशा आवाजात त्याने विचारलं.

खोकं आणणाऱ्या ग्रंथपालबाई पर्समध्ये चष्मा शोधत होत्या. "थांबा, सांगते," म्हणाल्या आणि शोधत राहिल्या. तेवढ्या वेळात मिक्सरवाल्याला सगळं आठवून झालं.

त्याची बायको घरी शिवणकाम करायची. उजवीकडच्या दोन दाढा काढल्यापासून ती डाव्या बाजूनेच चावत होती. नव्या दाढांसाठी तिने ब्लाउजमागे ब्लाउज शिवून पैसे साठवले होते. पण सहा महिन्यांत तिला एका बाजूची सवय झाली. आणि सवय झाली की पैसे शिल्लकच असतात, असं मिक्सरवाल्याचं म्हणणं.

"नुसते पडून काय करायचेत? एखादा चांगला शेअर घेऊ. वाढले की दोन काय, चार दाढा बसव."

"चार पडल्या नाहीत अजून," बायको म्हणाली. पण नको म्हणाली नाही.

तिचा भाऊ बँकेत कारकून. त्याने सल्ला दिला, "भाऊजी, आधी कंपनीचा ताळेबंद बघा."

"ताळेबंद कंपनी लिहिते," मिक्सरवाला म्हणाला. "माझी वही मी लिहितो."

दुकानात आलेल्या प्रत्येक मिक्सरची त्याच्याकडे नोंद होती. तारीख, कंपनी, बिघाड. अशा अकरा वह्या. तीन महिने तो त्या चाळत बसला. जेवतानाही ताटाशेजारी वही असायची; ती सवय पुढेही सुटली नाही. लाल बटणवाल्या कंपनीने पानंच्या पानं भरली होती. कार्बन झिजला, कपलर तुटला, मोटर जळली, पुन्हा कपलर तुटला. त्या कंपनीवर त्याने मनातल्या मनात फुली मारली. निळ्या खोक्यावाल्या कंपनीच्या नोंदी निघाल्या शून्य. खात्रीसाठी त्याने दोनदा मोजल्या. शून्य दोनदा मोजायला फारसा वेळ लागत नाही.

"हा माल," त्याने बायकोला सांगितलं. "एक तक्रार नाही. सगळे पैसे इथे."

बायको वहीकडे बराच वेळ बघत राहिली. मग "बरं," म्हणाली. खातं तिच्या नावावर होतं, फोन तिचा होता, बटणं तीच दाबणार होती. त्याने फक्त कंपनी निवडली. घरातले मोठे निर्णय त्याच्याकडे असत.

नंतर त्याने भाव एकदाही पाहिला नाही. रोज भाव बघणारा माणूस म्हणजे चालता मिक्सर रोज उघडून बघणारा, असं त्याचं मत होतं. महिन्यातून एकदा तो विचारायचा, "कशी आहे आपली कंपनी?" बायको म्हणायची, "बरी आहे." असे अकरा महिने गेले.

ग्रंथपालबाईंना चष्मा सापडला.

"बाई, बिघडलंय काय याचं?" मिक्सरवाल्याने पुन्हा विचारलं.

"बिघडायला वापरलाय कोणी? लग्नात आला होता. कुणी घेत असेल तर बघा, अर्ध्या किमतीला देते. आमच्याकडे लाल बटणवाला आहे. तुम्हीच तीनदा नीट करून दिलाय की."

खोक्यावर 'सप्रेम भेट' अशी चिठ्ठी होती. तिच्याखाली दुसरी. तिच्याखाली तिसरी. वरच्या दोन्हींवर नावं वेगळी, तिसरीवरची शाई उडालेली. मिक्सरवाल्याने खोकं उलटं करून बनवल्याची तारीख पाहिली. नऊ वर्षांपूर्वीची.

त्याने खोकं सावकाश खाली ठेवलं आणि भरदुपारी दुकान बंद केलं.

घरी बायको मशीनवर बसल्या बसल्या गाजर खात होती. तो दारातच उभा राहिला.

"अगं, चूक झाली," तो म्हणाला. "तो मिक्सर माझ्याकडे येत नाही, कारण तो कुणाच्या घरात चालतच नाही. पाच-पन्नास खोकी असतील, तीच या लग्नातून त्या लग्नात फिरतायत. तुझ्या दाढा गेल्या."

बायकोने गाजराचा तुकडा मोडला. कडकन आवाज झाला. मिक्सरवाल्याने मान वाकडी केली. रस्त्यापलीकडच्या मिक्सरचा बुश कुरकुरला तरी त्याला कळत असे.

"हा आवाज उजवीकडून आला," तो म्हणाला.

"महिना झाला," बायको म्हणाली. "जेवताना वहीतून डोकं वर काढलं असतं, तर कळलं असतं. वाढलेल्या पैशांत एकच बसली. मुद्दल आहे तिथेच आहे. दुसरी पुढच्या वर्षी बघू."

"पण कशात वाढले? निळ्या खोक्यात?"

"ते मी घेतलंच नाही." तिने सुईत दोरा ओवला, गाठ मारली आणि उरलेला दोरा दातांनी तोडला. उजवीकडच्या. "लाल बटणवाली घेतली. तुमच्या अकरा वह्या तिनेच भरल्यात. सोळा वर्षं आपलं घर ती चालवतेय. म्हटलं, एक दाढ तिला काय जड आहे?"