रिकाम्या बरण्या

"काका, खरं सांगा, तुम्ही आमच्याकडे वाइनसाठी येता की जॅमसाठी?"

टकळीने विचारून टाकलं. तेही दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत आडवं पडून, दिव्याचा झोत तोंडावर आणि डॉक्टरांच्या हातात सुई असताना. बाहेरच्या बाकावर तिच्या दोन मैत्रिणी दाराला कान लावून बसल्या होत्या. "विचारून दाखव, मग खरी!" अशी पैज त्यांनीच लावली होती. पैज भर दुकानात लागली. "काका म्हणतील तसं," असं आईबाबाही एका सुरात म्हणाले. त्या आठवड्यातलं त्यांचं ते पहिलंच एकमत.

कारण घरात महायुद्ध पेटलं होतं. घरची छोटीशी वाइनरी. खाली तळघरात बाबांची पिंपं, वर स्वयंपाकघरात आईचा जॅम, पुढे दुकान. वाइनचं खोकं नेणाऱ्याला वर्षातून एकदा जॅमची चिमुकली बरणी मिळायची. आभार म्हणून, फुकट. झाकणावर कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर ज्याच्या त्याच्यासाठी एक ओळ लिहायचं बिनपगारी काम टकळीचं. यंदा मात्र गारांनी निम्मी द्राक्षं झोडपली.

"उरलेली सगळी वाइनला," बाबा म्हणाले. "लोक वाइनसाठी येतात, फुकटच्या गोडासाठी नाही."

"तुमची वाइन प्यायल्यावर तोंड गोड करायला काहीतरी लागतंच की हो," आई म्हणाली.

त्यावर बाबा जेवायलासुद्धा तळघरातून वर आले नाहीत. आज द्राक्षं कुठे जाणार ते ठरणार होतं. जॅम हरला की बरण्या बंद. बरण्या बंद म्हणजे टकळीच्या पट्ट्याही बंद, पण ते कुणाच्या खिजगणतीतही नव्हतं. वर्षभर लोकांकडे टक लावून बघायचं आणि मग नेमकी ओळ शोधायची, यात तिचा मात्र जीव होता.

दातकाका सगळ्यात जुने गिऱ्हाईक. पहिलं खोकं त्यांचं, आणि त्यांचं बघून मग अख्ख्या गल्लीचं.

काकांनी सुई खाली ठेवली.

"बाबांना सांगणार नाहीस?"

"शपथ!"

"वाइन मला चालत नाही. पित्त होतं. एक बाटली मेहुण्याला दिली होती. तेव्हापासून तो फिरकलेला नाही. तेवढ्यापुरता मी तुझ्या बाबांचा जन्माचा ऋणी आहे."

दाराबाहेर कुणीतरी फिस्सकन हसलं. टकळीचा चेहरा पडला. तरी ती हटली नाही.

"म्हणजे जॅमसाठीच ना?"

"अगं, मी दातांचा डॉक्टर! जॅम शेजारच्या पोरांना वाटतो. धंद्याला बरं असतं."

"मग येता कशाला?"

काकांनी तिची खुर्ची गर्रकन फिरवली. मागे काचेचं कपाट होतं. त्यात तिच्या सगळ्या बरण्या मांडलेल्या. जॅमच्या जागी कुणात कापसाचे बोळे, कुणात धाग्याची रिळं. झाकणं मुद्दाम तिरकी टेकवलेली, खुर्चीतल्या माणसाला दिसतील अशी. सगळ्यात जुन्या पट्टीवर भलीमोठी, वेडीवाकडी अक्षरं होती: 'दातकाका, दुखलं. पण थँक्यू.' शेजारी: 'पडलेला दात कागदात बांधून परत दिलात, थँक्यू.' त्याच्याशेजारी: 'आजी आता तोंडावर हात न ठेवता हसते. थँक्यू.'

"इथे माणसं येतात ती कण्हत," काका म्हणाले, "आणि जातात ती तोंड बधिर होऊन. आभार मानायला तोंड तरी ठिकाणावर हवं ना! वर्षातून एकदा कुणीतरी मानतं. म्हणून मी खोकं उचलतो. आपल्या गल्लीतल्या शिंप्याला विचार, त्याच्या बरण्यांत बटणं आहेत. झाकणं गिऱ्हाइकांकडे तोंड करून. चल, आता आ कर."

दाढ भरून झाली. निघताना टकळीने "थँक्यू" म्हणायचा प्रयत्न केला. तोंडातून नुसती हवा गेली. काका खांदे उडवून हसले. बघ, म्हटलं नव्हतं?

घरी द्राक्षांचे क्रेट दुकानाच्या मधोमध उभे होते. एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला आई.

"काय म्हणाले वाइनबद्दल?" बाबांनी विचारलं.

टकळीला शपथ आठवली. जिभेवर आलेलं तिने गिळलं आणि जेवढं तोंड चालत होतं तेवढ्याने म्हणाली, "तुमच्या वाइनमुळे त्यांच्या घरात शांतता आहे. जन्माचे ऋणी आहेत म्हणाले."

बाबांची छाती पिंपाएवढी झाली.

"आणि जॅम?" आईने विचारलं.

"चमचाभरसुद्धा वाया जात नाही. धंद्याला बरा असतो म्हणाले."

आईने पदर खोचला. "ऐकलंत? धंद्याला!"

"ऋणी कुणाचे म्हणाले ते ऐकलंस का तू?" बाबांनी वरचा क्रेट आपल्याकडे ओढला. आईने तो परत ओढला. चार द्राक्षं घरंगळत टकळीच्या पायाशी आली.

तिने एक उचलून तोंडात टाकलं. चव काही कळली नाही. मग ती कोपऱ्यात गेली. धुऊन पालथ्या घातलेल्या बरण्या एकेक करून तिने टोपलीत भरल्या, वेणीत खोचलेलं पेन काढलं आणि दोघांच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"आई, बाबा, मी ठरवलंय."

दोघं जागच्या जागी थांबले. टकळीचं इतकं लहान वाक्य त्या घराने कधी ऐकलं नव्हतं.

"द्राक्षं वाटून घ्या, नाहीतर भांडा खुशाल. रिकाम्या बरण्या माझ्या. गिऱ्हाईक मी सांभाळते."