गार होईपर्यंत

"मामा, मॅडमना सांगा, त्यांची कुपी द्या म्हणावं."

मॅडम हातभर अंतरावरच उभ्या होत्या. प्रयोगशाळेतल्या मामांनी निमूटपणे तिच्या हातातली कुपी घेतली आणि सरांच्या हातात ठेवली. सोमवारपासून हेच चाललं होतं. नवरा-बायको एकाच खोलीत काम करणार, आणि बोलणी पोचवायला मध्ये मामा!

तिला परगावी वर्षभराचं काम चालून आलं होतं. "जायचं तर जा, मला काय विचारतेस?" असं तो बोलून बसला आणि तिनं ते मनाला लावून घेतलं. तिच्याशिवाय त्याला करमणार नव्हतं, एवढीच गोष्ट. पण तोंडातून सरळ निघेल तर शपथ! आज संध्याकाळपर्यंत तिला तिकडे उत्तर कळवायचं होतं.

पेप्टाइडची एक साखळी त्यानं बनवली होती, दुसरी तिनं. अमिनो आम्लं एकामागून एक ओवत दोघांनी महिने घालवले होते. पाण्यात एकेकट्या सोडल्या की दोन्ही नुसत्या लोळत पडायच्या, आकाराचं नाव नाही. एकत्र आल्या तर दोरीच्या पदरांसारख्या एकमेकींभोवती वळतील, असा दोघांचा अंदाज होता.

त्यानं दोन्ही द्रावणं मिसळून यंत्रात ठेवली. पडद्यावरची रेघ चालता चालता खाली गेली, जराशी वर आली, पुन्हा खाली गेली. दोन खळगे, म्हणजे पिळाची खूण. पीळ पडला होता!

"अगं बाई!" ती ओरडली आणि लगेच सावरली. "मामा, सरांना सांगा, एवढ्यात हुरळून जाऊ नका. तापवून बघा."

तापवल्यावर पीळ सुटणारच. गार केल्यावर परत पडला, तरच त्या जोडीत दम.

द्रावण तापलं. खळगे गेले. मग यंत्र सावकाश गार होऊ लागलं, आणि दोघं स्टुलं ओढून पडद्यासमोर बसली. मामांनी दोघांच्या पाठींकडे पाहिलं, मान हलवली आणि दाराचा आवाज न करता बाहेर गेले. तिनं पाहिलं. त्याचं लक्षच नव्हतं.

"येईल ना परत?" त्यानं विचारलं. कुणाला, ते त्यालाच ठाऊक.

यंत्र थोड्या थोड्या वेळानं नवी रेघ काढत होतं. एक सपाट. एक किंचित वाकलेली. मग आणखी. शेवटची रेघ अगदी तापवण्याआधीच्या रेघेवर जाऊन बसली.

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पडद्याकडेच बघत तो म्हणाला, "मामा, मॅडमना सांगा, तिकडे थंडी फार असते. माझा जाड स्वेटर घेऊन जा म्हणावं." तो थांबला. "वर्ष काय, जाईल कसंतरी. सांगा तिला."

तिनं मामांच्या रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं. डोळे पुसले आणि आपलं स्टूल त्याच्याजवळ सरकवलं.

"मामा म्हणतात, ऐकलं तिनं."