व्हायवाचं जेवण

महागाईचा घरच्या जेवणावर होणारा परिणाम, हा माझा पीएचडीचा विषय. तूरडाळ महागली की वरणात पाणी कसं वाढत जातं आणि पोरं तेच पिऊन कशी उठतात, हे बार्शीटाकळीच्या बायांनी मला चुलीजवळ बसवून दाखवलं होतं.

अमरावतीत व्हायवाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच प्रकरण टेबलावर आपटलं. "मॅडम, याला परिणाम म्हणत नाहीत. लोक जुळवून घेतात. काढून टाका हे."

माझे गाइड नुसते मान डोलवत होते. बाहेर आल्यावर वर मलाच म्हणाले, "वाद घालू नको, रागिणी. सरांची सही जेवणानंतर आहे. पाहुणचार नीट कर."

व्हायवाचं जेवण उमेदवारानंच घालायचं, ही आमच्याकडची रीत. मी तणतणत आत गेले, वरणाच्या गंजाजवळ जरा थांबले आणि वाढायला स्वतःच उभी राहिले. परीक्षकांनी भाताचं आळं केलं. मी डावभर वरण ओतलं, तसं ते आळं फोडून ताटभर पळालं.

"अहो, हे वरण आहे की पाणी?" ते ओरडले.



"जुळवून घ्या न, सर. परिणाम तं काहीच होत नाही."