तिसऱ्या महिन्याचा फोन

माझ्या नवऱ्याच्या उदासीवर संशोधन केंद्रात भास घडवणारं औषध दिलं होतं, एकच कॅप्सूल. तीन महिन्यांनी तिथल्या डॉक्टरबाईंचा मला फोन आला. घरच्या माणसाला काय फरक दिसतो, तेही त्यांना नोंदवायचं होतं.

"मोकळेपणानं बोलतात का आता?"

नवरा स्वयंपाकघरात गुणगुणत माझ्यासाठी चहा करत होता. अठरा वर्षं मी रडले, भांडले, हातापाया पडले. ढिम्म हलला नाही. त्या नखाएवढ्या कॅप्सूलनं एका दुपारीत त्याचा माणूस केला. आयुष्यातला सगळ्यात मोलाचा दिवस कोणता, तर म्हणे ती कॅप्सूल घेतली तो.

"काडीचा फरक नाही," मी म्हटलं.

"मग सोमवारी पाठवा त्यांना," बाई म्हणाल्या. "फरक नसेल तर आणखी एक द्यायची असं ठरलंय."