आधी शेवट

कारखाना निरीक्षक सासरे निवृत्त झाले आणि रोज जावयाच्या रिपेअरिंगच्या दुकानात बसून चुका काढायला लागले. शेवटी जावयाने जुना व्हिडिओ गेम देऊन त्यांना घरी गुंतवलं. गेममधल्या किल्ल्याचा शेवटचा दरवाजा त्यांना काही सापडेना, आणि दुकानात शांतता नांदली.

मग गेमची कॅसेट बिघडली. जावयाने तिची चिप बदलली, पण घाईत दोन तारांची अदलाबदल झाली. चिपमधला कुठला भाग आधी दिसणार, हे त्या ताराच ठरवतात. त्याच्या हे लक्षात आलं तेव्हा सासरे खेळायला बसलेसुद्धा होते!

"बाबांचा गेम मोडलात ना," बायको कुजबुजली, "तर तुमची काही खैर नाही."

सासऱ्यांनी बटण दाबलं. पहिल्याच झटक्यात पडद्यावर शेवटचा दरवाजा आला आणि सताड उघडला.

"जिंकलो!" सासऱ्यांनी जावयाला कडकडून मिठी मारली. त्याचा जीव भांड्यात पडला.



"चला जावईबापू, आता मी मोकळा. उद्यापासून परत दुकानात येतो!"