अख्ख्या ग्रुपची कॉपी

माझ्या दोन्ही पोरांनी एकाच टेबलावर सॉफ्टवेअरचा धंदा उभा केला आणि आज धाकटा वेगळा निघाला. कामाची कपाटं कॉम्प्युटरात. रेपो म्हणतात त्यांना. वाटणीसाठी कॉपी एकेका रेपोचीच व्हायची, दरवेळी धाकटा ओरडायचा, “हा दिलास, तो दडवलास!” थोरल्याने चिडून रेपो सांभाळायच्या टूलमध्येच नवी कमांड घातली: एक ओळ लिहिली की अख्ख्या ग्रुपची, म्हणजे सगळ्या रेपोंची, एकदम कॉपी. मी आतबाहेर करत होते. “आई, बस ना!” थोरला करवादला. “तुम्ही फुटताय आणि मी बसू?” त्याने बटण दाबलं. अक्षरं सरसर पळाली. धाकट्याने डोळे फाडून तपासलं. एकही रेपो कमी नव्हता. दोघांकडे सगळंच आलं, भांडायला काही उरलं नाही. धाकट्याने लॅपटॉप पिशवीत कोंबला, “येतो, आई.” मी थोरल्यावरच उखडले, “मेल्या, एखादा रेपो विसरायचास! तेवढ्यासाठी तरी हा परत आला असता.”