गायरानाचा ठराव

तिसऱ्यांदा लावूनही हार्ड डिस्क दिसेना.

"कॉम्प्युटर फार जुना आहे, ताई," गौरव हसून म्हणाला. "नवी डिस्क ओळखतच नाही."

अनिता हसली नाही. शिरदेवाडीच्या ग्रामपंचायतीत ती आणि हा कॉम्प्युटर एकाच वर्षी आले होते, अठरा वर्षांपूर्वी. गौरव आज सकाळी पुण्याहून उगवला होता. गावोगावची जुनी दप्तरं कॉम्प्युटर बंद पडायच्या आत त्याची संस्था म्हणे कॉपी करून ठेवते. पत्र होतं, शिक्का होता. सरपंचांनी फोनवरच हो म्हणून टाकलं होतं.

पण नेमका आत्ताच कसा आला हा?

सुनावणी आठ दिवसांवर होती. भुशी धरणावरची पर्यटकांची गर्दी वाढत वाढत शिरदेवाडीपर्यंत पोचली होती आणि डोंगराखालचं गायरान रिसॉर्टवाल्यांना हवं होतं. गावानं २००८ सालीच ग्रामसभेत नकाराचा ठराव केला होता. ठरावाची वही वाळवीनं खाल्ली. उरली ती या कॉम्प्युटरातली स्कॅन केलेली प्रत. नुसत्या प्रिंटवर सुनावणी घेणाऱ्या साहेबांचा विश्वास नव्हता, त्यांना मूळ फाईल बघायची होती.

तेव्हाचे सरपंच भिकाजी आबा दारात येऊन उभे राहिले.

"पोरी, आपलं अख्खं गायरान त्या डब्यात हाय. नजर हलवू नगंस."

"नाही हलवत, आबा."

गौरवनं डिस्कला वीज पुरेना म्हणून दुसरी वायर जोडली. मग आपल्या लॅपटॉपवर ती जुन्या पद्धतीनं फॉरमॅट करून आणली. तरी अडलंच.

"घड्याळ बिघडलंय. आतली बॅटरी गेली असणार. तारीख नीट केल्याशिवाय पुढं जायचं नाही." त्यानं खटाखट काहीतरी टाईप केलं.

अखेर हिरवी पट्टी सरकू लागली. मुंगीच्या पावलांनी.

चार तास लागले. अनितानं जेवणाचा डबा उघडला नाही, पाण्यालासुद्धा उठली नाही. गौरवचं बोट डिलीटच्या बटणाजवळ गेलं, की तिचा जीव वर-खाली व्हायचा.

"मी काही पुसणार नाही, ताई."

"पुसलंत तर कळेल मला."

निघण्याआधी तिनं त्याला थांबवून ठेवलं. ठरावांच्या शेकडो फायलींतून नकाराचा ठराव काढला, ओळन् ओळ वाचला. सगळं जागच्या जागी होतं. खाली आबांची सहीसुद्धा. मग तिनं त्याच्या ओळखपत्राचा फोटो घेतला आणि त्याला जाऊ दिलं. उगाच माणसावर संशय घेतला, असं तिला जरा वाटूनही गेलं.

सुनावणीला कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून जीपमधून नेला. मॉनिटर आबांच्या मांडीवर होता. अनितानं साहेबांसमोर फाईल उघडली. साहेबांनी ठराव दोनदा वाचला.

रिसॉर्टवाल्यांचा वकील उठला. अगदी नम्रपणे म्हणाला, "मॅडम, याला तुमच्याशिवाय कुणी हात लावतं?"

अनितानं काही लपवलं नाही. गौरव आला होता ते सांगितलं. "पण मी चार तास डोळ्यांत तेल घालून शेजारी बसले होते. त्यानं फक्त कॉपी नेली. आतला शब्दही बदललेला नाही."

"म्हणजे यात आहे ते सगळं खरं?"

"सगळं खरं."

"शपथेवर?"

"शपथेवर."

मागून आबांनी समाधानानं मान हलवली.

"साहेब, एवढं लिहून घ्यावं," वकील म्हणाला. कारकुनाचं लिहून होईपर्यंत तो थांबला. "मॅडम, आता त्याच फोल्डरमधला तीन महिन्यांनंतरचा ठराव उघडा."

अनितानं उघडला. आधीचा नकार रद्द. गायरान रिसॉर्टला देण्यास ग्रामसभेची एकमतानं संमती. साल २००८. फाईल बनल्याची तारीखही तेव्हाचीच. खाली भिकाजी आबांची सही.

ती फाईल अनिता आज पहिल्यांदाच बघत होती.